ज्याला रस्ता माहीत नाही त्यानं पुढं चालायचं

मंडळी, सगळ्यांना जयभीम, नमस्कार. सभेत बोलायची मला सवय नाही. त्यात साळवेबाईंवर बोलायचं म्हणजे जास्तच अवघड, कारण बाईंना भाषणं आवडत नसत. "बसून काय बोलता? चला की चालत," म्हणायच्या. तेव्हा थोडक्यात सांगतो.

बाई शिवणकाम शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी उस्मानपुऱ्यातल्या आम्हा सात-आठ जणांना रविवारी सकाळी पायी फिरायला लावलं. आम्ही जन्मभर याच शहरात. म्हटलं, यात बघायचं काय राहिलंय? बाईंचा नियम एकच. ज्याला रस्ता माहीत नाही त्यानं पुढं चालायचं. माहीत असणाऱ्यानं मागं. आणि मागच्यानं तोंड उघडायचं नाही.

रस्ते मलाच सगळ्यांत कमी ठाऊक, म्हणजे मी पुढं. आणि मी हमखास चुकायचो. एकदा निघालो पाणचक्कीला, पोचलो खाम नदीच्या काठी एका चिंचेखाली. एकदा बेगमपुऱ्यातल्या बोळात शिरलो, तर समोर शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या नहरीचा दगडी मनोरा, त्यावर पिंपळ उगवलेला, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. मागं वळून बघितलं तर बाई हसत होत्या.

"सापडलं का नाय?" एवढंच म्हणाल्या.

मग एका रविवारी बाई आपणहून पुढं आल्या. आम्हाला वाटलं, हुरूप आला असेल. हिमायतबागेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "लई झाडी हाय की इथं. कुठं आलो आपण?" त्या बागेत आम्हाला त्यांनीच कैकदा नेलं होतं. आम्ही सगळे मागं झालो. नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांनी स्वतःला लावला होता.

बाईंची मुलगी संगीता इथं समोर बसली आहे. आईला विसर पडतोय हे कळल्यावर तिनं रविवारचं फिरणं बंद करायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, "रस्ता चुकायलाच तर जाते गं मी." संगीतानं दार उघडलं. पुढं दोन वर्षं आम्ही बाईंच्या मागं चाललो, हात पोचेल इतक्या जवळून.

गेल्या आठवड्यात बाई तापानं गेल्या. घरात, आपल्या अंथरुणावर. तेव्हापासून नातेवाईक संगीताला विचारतायत, अशा माणसाला कोणी बाहेर सोडतं का?

व्हय, सोडतं. मी मागून बघितलंय. हिमायतबाग बाईंना दर वेळी पहिल्यांदाच दिसायची. दर वेळी त्या हरखून जायच्या. घरात कोंडलं असतं तर हे कुठून आलं असतं? संगीता, तू बरोबर केलंस. हे सांगायलाच मी उभा राहिलो. बाकी, मला बाईंची फार आठवण येते. तेही सांगून टाकतो.

आता दोन मिनिटं उभं राहूया, मंडळी. बाई ज्या रस्त्यानं गेल्या तो त्यांना माहीत नव्हता. म्हणून त्या पुढं. आपण मागं आहोत.

आणि मागच्यानं तोंड उघडायचं नाही.