दहा मिनिटांचा अंधार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर डॉक्टर मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान, आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंविषयी चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजची पायरी न चढता, जुनी पुस्तकं मिळवून मी हे शास्त्र शिकलो, आणि ते ऐकवण्याची एकही संधी सोडत नाही, हे समोरच्या हसऱ्या चेहऱ्यांना ठाऊक आहे. आज त्यावर बोलणार नाही.

बाईंच्या यजमानांसाठी थोडं सांगतो. आपल्या नसांवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. कधीकधी शरीर त्या वेष्टणातल्या प्रथिनालाच शत्रू समजतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग वेष्टण झडतं, नजर जाते, पाय लुळे पडतात. ती प्रतिपिंडं रक्तात असली, की आमच्या काचपट्टीवरच्या पेशींच्या कडा हिरव्या उजळतात. पट्टी दोघांनी वेगवेगळी पाहायची, निष्कर्ष चिठ्ठीवर लिहायचा. जुळला नाही तर चाचणी पहिल्यापासून. आणि पाहण्याआधी दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं बसायचं, डोळा अंधाराला सरावू द्यायचा. हा नियम दारावर मीच लिहून चिकटवला आहे.

दोन वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एका मुलीचं रक्त आलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू सोबत होती. उजव्या डोळ्याने सुईचं नेढं दिसेना म्हणून आलेल्या. त्या दुपारी मी उन्हाच्या व्हरांड्यात पाहुण्यांना आमचं काम समजावत होतो. त्यांनी तोंडभर कौतुक केलं. त्याच तोऱ्यात आत आलो आणि थेट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाई तासभर अंधारात बसून होत्या. त्यांच्या चिठ्ठीवर होतं, कडा अंधूक उजळल्या आहेत. माझ्या चिठ्ठीवर, काही नाही.

चाचणी पुन्हा लावायला हवी होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला जिथे तिथे दिवे दिसायला लागलेत."

हशा पिकला. तुमच्यातले काही जण त्या हशात होते. बाईंनी चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली, नोंदवहीत सही केली. ज्येष्ठ म्हणून पहिली सही त्यांची, खाली माझी.

प्रतिपिंडं नाहीत, असा अहवाल गेला. मुलीला दुसऱ्याच आजाराचं औषध सुरू झालं. त्याने गुण येणार कुठून? सात महिन्यांनी पुन्हा झटका आला आणि तो डोळा कायमचा गेला. राखून ठेवलेला नमुना परत लावला, तर पेशींच्या कडा तशाच अंधूक उजळल्या.

चौकशीत मला बाईंच्या नजरेबद्दल विचारलं गेलं. "वयोमानाने होतं," एवढंच मी म्हणालो. बारीकसारीक तपशिलावरून इतरांना धारेवर धरणारा मी, त्या फाडलेल्या चिठ्ठीचा तपशील गाळून मोकळा झालो. बाईंना नमुन्यांची नोंद करायला दारापाशी बसवलं गेलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

त्या तेव्हा का बोलल्या नाहीत, हे विचारायला मला गेला आठवडा उजाडावा लागला. त्या नळ्यांवर लेबलं लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फाडली तर मीच ना रे? तुझ्या जिभेला भिऊन फाडली. हे त्या पोरीच्या सासूला कोणत्या तोंडाने सांगू?"

दोन वर्षं ती लाज त्यांनी वाहिली. ती माझी होती.

हे सगळं लिहून आज सकाळी अध्यक्षांच्या हाती दिलं आहे. त्या मुलीच्या घरी मी स्वतः जाणार आहे. उद्यापासून पट्ट्या मी पाहणार नाही. पुढचं वरिष्ठ ठरवतील.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सांभाळून घ्या. त्या दुपारचं मात्र सांभाळून घेऊ नका. बाईंनी सांभाळलं, तेवढं पुरे झालं.