चौदा ऑक्टोबरचं पान

आजच्या सभेचे अध्यक्ष प्राचार्य दीनानाथ सर, आपल्या मंडळीचे पाळकसाहेब, मंडळीचे सचिव आणि सत्कार समितीचे प्रमुख रावसाहेब केदारी, व्यासपीठावरची पंचमंडळी, महिला संघाच्या माझ्या भगिनी, तरुण संघाची मुलंमुली आणि समोर बसलेले माझे सगळे आप्त, तुम्हा सर्वांना माझा सलाम.

रावसाहेब, चौऱ्याण्णव सालचा तो शनिवार तुम्हाला आठवतो का? चर्चमागच्या खोलीत, आपल्या वेस्ट्रीत, सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र होतं. तुम्ही हँडल फिरवत होता, मी कागद सरकवत होते, कौशल्या उमाप घड्या घालत होती आणि तिची नऊ वर्षांची नीरजा खाली बसून प्रत्येक घडीवरून नख फिरवत होती. तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाई सांडली. तुम्ही म्हणालात, "बाई, आज घरी माझ्यावरच मनन होणार." कौशल्याने मीठ लावून डाग चोळला, तर तो आणखी पसरला. आम्ही किती हसलो होतो. आपल्या 'दैनिक मनन'चा पहिला अंक त्या दिवशी निघाला. एक वचन, त्यावर आठ-दहा ओळी आणि शेवटी 'आजची कृती'.

'आजची कृती' ही कल्पना माझी. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात वाढले. तिथल्या सिस्टर डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलींच्या बोटांवर लाकडी पट्टी मारायच्या आणि संध्याकाळी त्याच बोटांना मलम लावायच्या. मी डावखुरी होते. मला आजही त्यांची आठवण येते, पट्टीसकट आणि मलमासकट. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. वचन नुसतं वाचून ठेवायचं नसतं, दिवस मावळायच्या आत ते करायचं असतं. आणि वाक्य छोटं ठेवायचं.

पुढे आपली मुलं हिंजवडीला जायला लागली. सकाळी कंपनीची बस धरणारा मुलगा घडीचा कागद कधी उघडणार? मग तरुण संघाने सकाळी सहाला मोबाइलवर संदेश पाठवायची सोय केली. अख्खं मनन त्यात मावेना, म्हणून फक्त 'आजची कृती' जायची. साडेतीनशे मोबाइलवर एक ओळ.

मघाशी मानपत्रात वाचलं गेलं की बाईंच्या एका ओळीने अनेकांची आयुष्यं बदलली. ते खरं आहे. मी त्यातल्या एकाच आयुष्याबद्दल बोलणार आहे. अध्यक्ष महाशय, मला दहा मिनिटं दिली आहेत, पंधरा लागतील. जेवण थोडं गार होईल.

दोन हजार नऊच्या जानेवारीत नीरजाचं लग्न रावसाहेबांच्या मुलाशी झालं. लग्नात शास्त्रवाचन मी केलं. दोघंही हिंजवडीत नोकरीला, वाकडला अकराव्या मजल्यावर घर. आधी त्याने तिचं बोट पिरगळलं. मग डोकं भिंतीवर आपटलं. त्या एप्रिलमध्ये, पुण्याच्या उन्हाळ्यात, ती क्वायरमध्ये गायला लांब बाह्या घालून उभी राहिली. कौशल्या म्हणाली, इस्त्री लागली. दंडाच्या आतल्या बाजूला चुकून इस्त्री लागत नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आम्ही काय म्हणालो? "बर्नॉल लाव गं."

आपल्याकडे प्रार्थना-विनंतीची पेटी आहे. तिच्यातल्या चिठ्ठीत नाव लिहायचं नाही, ही आपली जुनी रीत. कोणाची लाज जाऊ नये म्हणून. तर दीड वर्षाहून अधिक काळ दर रविवारी एक चिठ्ठी निघायची, 'एका बहिणीच्या घरच्या शांतीसाठी'. आपण सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचो. ती बहीण पुढच्या बाकावर बसलेली असायची. तिच्या मानेवर बोटांचे वळ दिसायचे. म्हणजे डोळे उघडले असते तर दिसले असते.

दोन हजार दहाच्या सप्टेंबरमध्ये त्याने तिला बाथरूममध्ये कोंडून बादलीत तोंड दाबलं. त्यानंतर ती आईकडे धायरीला निघून आली. तीन आठवडे राहिली. रावसाहेब तिला फोन करायचे. पंचांपैकी दोघं घरी जाऊन आले. ती कोणाला काही बोलली नाही, पण परत गेली नाही. आणि मग चौदा ऑक्टोबर उजाडला.

त्या दिवशीचं वचन तुम्हा सर्वांना पाठ आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मी त्याखाली कृती लिहिली होती, 'ज्याने तुम्हाला दुखावले, त्याच्याकडे आज आपण होऊन जा.'

सकाळी सहा वाजता ही ओळ धायरीला पोचली.

यापुढचं मी नीरजाच्या परवानगीने सांगते आहे. तिचा जबडा तारेने बांधलेला होता, म्हणून तिने मला हे वहीत लिहून दिलं. ती ऑफिसातून परस्पर वाकडला गेली. जाताना त्याला आवडतो म्हणून चिवडा घेतला. त्याने दार उघडलं, तिला आत घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुला कोणी पाठवलं?" ती म्हणाली, "कोणी नाही. बाईंचा संदेश आला होता." त्याने तिचा मोबाइल मागितला. ओट्यावर कुकरचं झाकण होतं, ते उजव्या हातात घेतलं. डाव्या हातात मोबाइल. आणि तो माझी ओळ मोठ्याने वाचू लागला. एका शब्दाला एक फटका.

ज्याने. तुम्हाला. दुखावले.

'दुखावले'ला दात पडले. 'त्याच्याकडे'ला ती ओट्याच्या कडेवर आदळली. 'आज'नंतर तिला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, ते आजही येत नाही. मी शब्द मोजले आहेत. आठ आहेत. सिस्टरांनी मला वाक्य छोटं ठेवायला शिकवलं म्हणून आठ.

अकराव्या मजल्यावर चार घरं. आतले लोक शिकलेले, ठिकठिकाणांहून आलेले, दारं लावून टीव्ही बघणारे. शेजारच्या घरी मथुराबाई भांडी घासत होत्या. त्या मारुंजीच्या, आपल्या मंडळीच्या नाहीत, आपलं शास्त्र त्यांनी कधी वाचलेलं नाही. त्यांनी दार ठोठावलं. "ए साहेब, दार उघड. पोरगी मरंल."

आतून आवाज आला, "आमचं घरचं चाललंय, मावशी. जा तुम्ही."

"घरचं हाय तर आवाज भाईर कशापायी येतोय?"

आणि त्यांनी बेलवर बोट ठेवलं, ते दार उघडेपर्यंत काढलं नाही. दार उघडल्यावर त्याला ढकलून आत गेल्या, स्वतःच्या पदरात नीरजाचं तोंड धरलं आणि लिफ्टने खाली आणलं. रिक्षावाला रक्त बघून नको म्हणत होता. त्या रिक्षासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. ओळखू येत नव्हती. चेहऱ्याची एक बाजू खाली गेली होती. तिने वही मागितली आणि लिहिलं, 'बाई, कृती अर्धीच झाली. समेट राहिला.'

ती मला दिलासा देत नव्हती आणि टोमणाही मारत नव्हती. ती खरोखर माफी मागत होती. रविवारच्या शाळेत मी शिकवलेली मुलगी, गृहपाठ अर्धा राहिला म्हणून.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पवित्र शास्त्र उघडलं आणि ते वचन, जे मला चाळीस वर्षं पाठ होतं, ते वाचलं. भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही असेल तर तू जा. म्हणजे ज्याच्या हातून दुखावलं गेलं आहे त्याने उठून जायचं आहे. ज्याने मारलं त्याने वेदीपासून उठायचं, बसने, रिक्षाने, नाहीतर गुडघ्यांवर धायरीला जायचं, आणि दाराबाहेर उभं राहायचं. मी ते उलटं केलं. मार खाणारीला चालायला लावलं. आणि माझ्याच एकटीचं चुकलं असंही नाही. साडेतीनशे जणांना ती ओळ गेली, एकालाही ती उलटी वाटली नाही. आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की चालत जायचं असतं ते नीरजानेच.

आता आजच्या पुस्तकाबद्दल. तुम्ही प्रेमाने माझी तीनशे पासष्ट मननं निवडून छापलीत. कच्ची छपाई आली तेव्हा मी रावसाहेबांना म्हटलं, चौदा ऑक्टोबर काढा.

"बाई, मग तीनशे चौसष्टच होतील."

"होऊ देत. लोक काही मोजत बसत नाहीत."

"लोक विचारतील का काढलं."

"सांगा, बाईंचं चुकलं."

"सत्काराच्या पुस्तकात तुमचं चुकलं म्हणून छापू?" असं म्हणून ते हसले. विषय संपला. पान राहिलं.

ते का राहिलं, हे मला गेल्या सोमवारी कळलं. उद्या उपासनेनंतर वेस्ट्रीत समेटाची बैठक आहे. नीरजाने पोलिसातली तक्रार मागे घ्यावी आणि वाकडला परत जावं, असं तिला सांगितलं जाणार आहे. बैठकीची सुरुवात या नव्या पुस्तकातल्या चौदा ऑक्टोबरच्या वाचनाने होणार आहे. नीरजा येते म्हणाली आहे. कारण मंडळी बोलावते म्हणजे देव बोलावतो, असं तिला अजून वाटतं. आणि हे तिला कोणी शिकवलं, ते आता वेगळं सांगायला नको.

रावसाहेब, माझे यजमान गेले तेव्हा तुम्ही खांदा दिलात. माझ्या पडक्या गच्चीवर पत्रे घातलेत. मी काहीही विसरलेली नाही. तुम्ही बाप आहात आणि बापाला मुलगा तुरुंगात जाताना बघवत नाही, हे मला समजतं. पण उद्या जर ती पोरगी त्या घरात गेली, तर पुढची सभा या हॉलमध्ये तिच्या शवपेटीसमोर भरेल, आणि तिथेही आपण एक वचन वाचू. मी त्या सभेत बोलणार नाही. म्हणून आज बोलते आहे.

पाळकसाहेब, मी विनंती करते की उद्याची बैठक रद्द करावी. आत्ता, जेवणाआधी, इथून तसं जाहीर करावं. समेट हवाच असेल तर तो मुलगा आधी न्यायालयात उभा राहून मी केलं म्हणू दे. शास्त्रात चालायला त्यालाच सांगितलं आहे.

आणि तुम्ही नाही म्हणालात तरी ते पान उद्या वाचता येणार नाही. पुस्तकाची खोकी सही करण्यासाठी माझ्या घरी पाठवली होती. मी तीनशे प्रतींवर सह्या केल्या. मग स्टीलची पट्टी आणि ब्लेड घेऊन तीनशे प्रतींमधून ते पान कापलं. चार दिवस लागले. बोटाला ही पट्टी आहे ती त्याची, मघाशी कोणीतरी विचारत होतं. कापलेल्या पानाच्या पाठीला तेरा ऑक्टोबर होतं. ते बिचारं चांगलं होतं, पण गेलं. पुस्तक उघडलंत तर शिवणीजवळ कागदाची एक बारीक कड लागेल. ती काढू नका.

सतरा वर्षं तुम्ही माझं लेखन वाचलंत, पेपर टाकायच्या वेळी माझ्या ओळीने दिवस सुरू केलात, आजारपणात डबे पाठवलेत. मी तुमची सर्वांची मनापासून ऋणी आहे. समितीने खपून हा समारंभ केला, त्यांचेही आभार. आनंदाच्या दिवशी मी तुमचा घास कडू केला, कोणाला माझा शब्द टोचला असेल, तर या म्हातारीला पदरात घ्या. फक्त त्या आठ शब्दांची क्षमा तुम्ही करू नका. ती तुमच्या हातात नाही.

आता कोणाला काय द्यायचं, तेवढं सांगते आणि बसते.

पुस्तकं जेवणानंतर दाराशी मिळतील, घरटी एक. ही शाल मला घातलीत ती मथुराबाईंची आहे. त्या मागे, खांबापाशी बसल्या आहेत. मी बोलावलं म्हणून कामं आटोपून दोन बस बदलून आल्या आहेत. शाल अध्यक्षांनी खाली जाऊन त्यांना स्वतः घालावी. मानपत्रातली 'एका ओळीने' ही ओळ खोडून ते वेस्ट्रीत लावा, नाहीतर लावू नका. घडलं ते सगळं मी कागदावर लिहून सही केली आहे. त्याची एक प्रत नीरजाच्या वकिलांकडे गेली, दुसरी पाळकसाहेबांसाठी या निळ्या पाकिटात आहे. क्वायरमधल्या ज्या मुलींनी तिचा भाजलेला दंड पाहिला होता त्यांनी त्याखाली आपापलं नाव घालावं, पेन पाकिटातच आहे. संदेशाचं काम मी कोणाच्या हाती देत नाही. उद्या सकाळी सहाला मोबाइल वाजणार नाही. कापलेल्या पानांची पिशवी टेबलाखाली आहे, प्रत्येक पंचाने एकेक पान घरी न्यावं आणि ते आठ शब्द आपल्या लेकीला वाचून दाखवावेत.

कौशल्या, तू जेवायला थांबू नकोस. तुझा डबा भरून ठेवायला सांगितलाय. तो घे आणि आत्ताच धायरीला जा. तिला सांग, बाईंनी उद्या येऊ नकोस म्हटलंय.

आणि हे मोठं पिवळं पाकीट रावसाहेबांचं. आत नीरजाच्या जबड्याचा एक्स-रे आहे, तिने स्वतः दिला आहे. रावसाहेब, तो टेबलावर ठेवून दिसत नाही. खिडकीपाशी न्यावा लागतो, आणि दोन्ही हातांनी उजेडाकडे धरावा लागतो.