जांभळे हात

अरे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते ते. कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्ही काचपट्टीवर दह्यातले जंतू रंगवायला शिकत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली माझे जंतू जांभळेजर्द दिसले, तसा मी आनंदाने उडालो आणि रंगाची बाटली हातांवर सांडली. साबणाने काही तो डाग जाईना. घरी येताना लालबागला एका हवालदाराने मनगटच धरलं.

"भिंतीवर घोषणा तूच लिहिल्यास ना?"

"नाही हो साहेब, जंतू रंगवत होतो!"

 मी लगेच प्रॅक्टिकलची वही उघडून जंतूंची चित्रं दाखवली. त्याने ती नीट निरखली, मनगट सोडलं आणि इकडेतिकडे बघत माझ्या कानाशी पुटपुटला, "एवढा पक्का रंग जंतूंवर कशाला घालवतोस रे? परळच्या भिंती अजून कोऱ्या आहेत!"