टोपरं घातलेला नारळ

सासवांच्या तक्रारी तुम्हीच काय सांगता, आमच्या केरीतली माझी ऐका. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला सासूबाईंचा हुकूम, "बाळ हातात येईपर्यंत घरात त्याची चिंधीसुद्धा शिवायची नाही!"

सातव्या महिन्यात माशाच्या हुमणासाठी नारळ घ्यायला गेले, तर घरात उरलेल्या एकुलत्या एका नारळाने टोपरं घातलेलं! जुन्या लुगड्याचं, बंदसुद्धा नीट बांधलेले. बाळाच्या डोक्याच्या मापाला दुसरं काय मिळणार? वळून बघते तर मागे सासूबाई.

"आई, हे काय?"

"थंडी लागता त्येका," त्या गुरकावल्या.

मी साड्यांखाली लपवलेलं, चोरून शिवलेलं झबलं आणून नारळावर पांघरलं. म्हटलं, "नुसत्या टोपऱ्याने कशी जाईल थंडी?"

त्यांनी झबलं उलटून शिवण पाहिली. "टाके लांब पडले गो," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

दुपारी नवऱ्याने पहिला घास घेतला. "आये, हुमणात नारळ नाय?"

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. "घरात एकच होतो, आणि तो निजलो हा."