एकशे बारा पानं आणि बैलगाडी

...एकशे बारा पानं! नाही, तुम्हीच सांगा, एकशे बारा पानं झाली आणि नायक अजून बैलगाडीतून उतरला नाही! मामाच्या गावाला निघालाय, पहिल्या पानावर निघालाय, वाटेत वड, वडाचं वर्णन चार पानं, मग ओढा, ओढ्याला पाणी नाही तरी सहा पानं, आणि बैल... बैलांचा स्वभाव, बैलांचे पूर्वज, अहो, बैलसुद्धा कंटाळले असतील! पुस्तकाचं नाव नाही सांगत, अभिजात आहे, वाईट बोललो तर लोक घरी येऊन भांडतील. पण तुम्हाला सांगतो, पुस्तक काय कडू काढा आहे, नाक दाबून प्यायला?

तसा मी, श्रीरंग, विमा कंपनीतून निवृत्त, मुक्काम एव्हरशाईन सिटी, चौथा मजला, जुन्या पुस्तकांचं वेड असलेला माणूस. शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं वाचून गॅलरीत एकटाच खो खो हसलोय, समोरच्या बाईंनी एकदा खिडकी लावून घेतली! रडलोय पण. म्हणजे अभिजातशी माझं भांडण नाही. पण माझा एक नियम आहे. पन्नास पानं. तेवढ्यात जीव रमला नाही की पुस्तक मिटायचं, नमस्कार करायचा आणि दुसरं घ्यायचं. आमची सुरुची, म्हणजे बायको, म्हणते, "पुस्तकं सोडता तशी नाक्यावरची भजी सोडा की!"

मग हे एकशे बारा कसं झालं? तेच तर सांगतोय... जवळच्या सांडोर गावचे हरेश्वरकाका! ब्याऐंशी वर्षांचे, केळीची वाडी, मागे वांगी नि घेवडा, मी दर आठवड्याला स्कूटरवरून तिथे भाजीला जातो. जन्मभर अंधारात उठून वाडीला पाणी लावलेला माणूस, दुपारी जेवण झालं की ओटीवर आडवा होणार, आणि त्यांची जिजाकाकू शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवणार, हा त्या घराचा अकरा वर्षांचा नेम. गेल्या साली काकू गेल्या. काकांना आता अक्षर दिसत नाही. एकदा मी भाजी घेऊन निघालो, तर आतून हे जाडजूड पुस्तक घेऊन आले, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आणि म्हणाले, "श्रीरंगा, तुझी काकू हे वाचायची रे. तू पन थोडं वाचून दाखव ना." आता काय म्हणणार? बसलो. आणि दर आठवड्याचा मी रोज जायला लागलो!

काका डोळे मिटून पडायचे आणि मी थांबलो रे थांबलो की, "हं... पुढं." मला वाटलं, केवढे रंगलेत!

तेहतिसाव्या पानावर आलो आणि पान उलटेना. जुन्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची, आठवतं? आपण सुरीने कापायची. तर तेहतीसपासून पुढची सगळी जोडलेली! आणि आधीची बत्तीस कशी, हाताळून हाताळून मऊसूत झालेली, एकावर हळदीचं बोट. म्हणजे जिजाकाकूंनी अकरा वर्षांत बत्तीस पानं वाचली? हे काकांना सांगायचं कसं? बायकोचं आवडतं पुस्तक म्हणून माणूस वर्षभर ते जपून ठेवतोय, आणि मी सांगू, काका, काकूंनी हे कधीच सोडून दिलं होतं? नाही जमलं मला. भाजीचा चाकू उचलला आणि पानं कापत, कापल्याचा खर्रकन आवाज झाला की वर मोठ्याने खोकत, पुढे वाचत राहिलो. खोकून खोकून घसा बसला! काकांनी काढा पाजला, तोसुद्धा कडू! पण मी विचारतो, पुस्तक काय काढा आहे, नाक दाबून प्यायला?

शेवटी मी चोरी केली. बारा पानं गाळली. "हं... पुढं." वीस गाळली. "हं... पुढं." मग मोबाईलवर आमच्या सोसायटीची नोटीस आली होती, तीच त्या सुरात वाचली... "टाकी धुण्यानिमित्त मंगळवारी पाणी येणार नाही, सभासदांनी बादल्या भरून ठेवाव्यात..."

"हं... पुढं!"

उडालोच मी! म्हटलं, "काका, खरं सांगू? मला या पुस्तकाचा फार कंटाळा आलाय."

काकांनी एक डोळा उघडला. "मग मला काय मजा येते होय? अरे, जिजा दोन पानं वाचायची, माझा डोळा लागायचा. मग ती पन आनखी थोडं वाचत वाचत पुस्तक छातीवर ठेवून झोपायची. दुसऱ्या दिवशी आठवतंय कोनाला कुठवर आलो ते? परत पहिल्यापासून! बैलगाडी निघाली की मी गेलोच."

"मग 'पुढं पुढं' कशाला म्हणता?"

"आवाज थांबला की जाग येते." आणि मग तो डोळा परत मिटून म्हणाले, "ती गेल्यापासून दुपारी पडून असतो नुसता. तू वाचायला लागलास, तेव्हापासून झोप लागते रे."

इतकी पुस्तकं वाचली, पण असं गलबलून क्वचितच आलं.

तरी खोड जात नाही ना! दुसऱ्या दिवशी मी माझ्या आवडीचं नेलं. अभिजातच, पण काय भन्नाट, पहिल्याच पानावर भांडण, तिसऱ्यावर पळून जाऊन लग्न! काका ताडकन उठून बसले. "मग? बाप काय बोलला तिचा?" दुपारभर टक्क जागे! संध्याकाळी डोळे लाल, आणि मलाच ओरडतात, "हे उद्या आनू नकोस! हे वाचन हाय की त्रास?"

म्हणून आता रोज तेच बाड. दोन ते साडेतीन. मी आवाज एका पट्टीत ठेवायला शिकलोय, चुकूनसुद्धा कुठे रंगत येऊ देत नाही, कला आहे हो ती! काल घरी आलो तर सुरुची विचारते, "काय, आज तरी बरं होतं का पुस्तक?"

म्हटलं, "अगं, भयंकर होतं. काका दीड तास झोपले."