डाव्या पायाच्या कळेबाबत

— नाही, तसं नको, कासिमभाई, पद्धतशीरच सांगतो. विषय : डाव्या पायात कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ येत असल्याबाबत. संदर्भ : एक, आमच्या विश्रांतवाडीच्या डॉक्टरांच्या गोळ्या, दोन, एमआरआय, तीन, शेजारच्या विमलाबाईंचं तोंडी मत. उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की — हसताय होय, हसा. जन्म गेला पाटबंधारे खात्याच्या बारनिशीत, आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. तुम्ही विचारलंत काय होतंय, तर सरळ माणूस म्हणाला असता, पाय दुखतो. पण सरळ माणसाला हा आजार होत नसावा. बसा हो, उठू नका, डॉक्टर अजून आत ऑपरेशनमध्येच आहेत. मुलगा गाडी लावायला गेलाय — सलिल त्याचं नाव — दवाखान्याला एवढे मजले, आणि गाडी लावायला जागा थेट पुढच्या पेठेत. तुमचा कुठला, उजवा? वा. म्हणजे आपण दोघं मिळून एक ठणठणीत माणूस निघतो.

कसब्यात दुकान तुमचं? वह्या-पुस्तकं बांधायचं? अहो, मी कसब्यातलाच. वासंती गेली — आमची मंडळी — आणि मुलगा म्हणाला, बाबा, एकटे कशाला राहता, तेव्हा दोन खोल्या सोडून विश्रांतवाडीला गेलो. तुमचं कारण तरी स्वच्छ आहे, दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि पुठ्ठे चिकटवायचे, नस बिचारी करील काय. माझं कारण अजून शोधताहेत. पहिले डॉक्टर म्हणाले, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय. मी म्हटलं, या वयात कुणाची जागेवर असते? वैद्यांकडे गेलो, ते म्हणाले गृध्रसी, म्हणजे रोगी गिधाडासारखा चालतो. हे ऐकून सूनबाईंना हसू आवरेना, ऋचा हो, मुलगी चांगली आहे, पण मग घरात मी चालायला लागलो की तिला हसू लपवायची पंचाईत, तोंडाला लावायला पदर तरी कुठाय. विमलाबाईंचा निकाल त्याच दिवशी लागला होता : वात, हरभऱ्याची डाळ बंद. सलिलचा मित्र आमोद, त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई स्वतःचा पाय स्वतःच्या कानामागे ठेवते. मी उत्तर पाठवलं, पाहिले, नस्तीबद्ध केले.

त्यातल्या त्यात ती फिजिओथेरपीवाली मुलगी हुशार. बाकी सगळे फोटो बघत होते, ती मला बघत होती. पाय सरळ वर उचलून पाहिला, कुल्ल्यात अंगठा रुतवला — रुतवला म्हणजे काय, मला नर्मदेपर्यंतची सगळी तीर्थं दिसली — आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही दिवसभर कसे बसता? मी म्हटलं, खुर्चीत. ती म्हणाली, बसून दाखवा. मी बसलो, अगदी निवृत्तीच्या ग्रुप फोटोत बसतात तसा. ती म्हणाली, असं बसणाऱ्याचा इथला स्नायू असा दगड होत नाही, एका अंगावर कलून बसता का कुठे? मी म्हटलं, छे. सलिल शेजारीच उभा होता ना.

— काय म्हणालात? नाही, म्हणजे, तो उभा होता एवढंच. त्याचा काय संबंध.

आता बसायचं म्हणजे — बसतो मी ड्राय बाल्कनीत. स्वयंपाकघराच्या मागे असते ना, कपडे धुवायच्या मशीनची? तिथं स्टूल टाकलंय. एका बाजूला मशीन, दुसरीकडे भिंत, मध्ये मी. डावा पाय लांब करायचा तर पाण्याचा पाइप आडवा येतो, म्हणून उजवा पाय वर घ्यायचा, सगळा भार डावीकडे टाकायचा आणि पेपर असा तिरका धरायचा, की झालं. हवा छान येते. मशीन पिळायला लागलं की पाठीला मोफत मसाज. सकाळी ती दोघं कामाला बसली की मी आत जातो, संध्याकाळी उठली की बाहेर येतो. ऑफिस हिंजवडीला, पण काम घरून. हॉलमध्ये सलिल, बेडरूममध्ये ऋचा, कायम मीटिंगा.

माझी खोली? आहे ना, सुरेख आहे. पण तिला दार हॉलमधून. एकदा आत गेलो की चहाला, बाथरूमला, कशालाही निघायचं तर सलिलच्या पाठीमागून जावं लागतं, आणि पाठीमागून गेलं की माणूस कॅमेऱ्यात येतो. एकदा आलो. उन्हाळ्याचे दिवस, अंगात बनियन, हातात चहाची बशी — फुंकर घालत घालत गेलो हो, मला काय कल्पना की तिकडे परदेशात सात-आठ साहेब बघताहेत. एक जण हसला. काहीतरी म्हणालाही, चांगलंच म्हणाला असेल. आणि सलिल पटकन म्हणाला, सॉरी, सॉरी.

बस. एवढंच. मला काही म्हणाला नाही. वर वळूनही पाहिलं नाही. रात्री जेवताना नेहमीसारखा, बाबा भाजी घ्या, बाबा ताक घ्या. पण मी विचार केला, माणूस सॉरी कधी म्हणतो? चूक झाली की. मग यात चूक कुठली? सलिल तर जागेवरच होता. म्हणजे चूक जी होती ती चहाची बशी घेऊन चालली होती. खात्यात, कासिमभाई, साहेबांनी नुसती भुवई उचलली की आम्ही त्याचं परिपत्रक समजायचो. त्यांनी लिहून द्यायची वाट बघणारा कारकून कसला? दुसऱ्या दिवशीपासून मी आपला स्टुलावर.

नाही नाही, कुणी सांगितलं नाही! तेच तर. उलट गंमत ऐका, घरी कुणी आलं की ऋचा कौतुकानं सांगते, आमच्या बाबांना ड्राय बाल्कनीच आवडते, तिथून हलतच नाहीत. स्टुलासाठी तिनं उशी शिवून घेतली, फुलाफुलांची. सलिलनं तिथं छोटा पंखा लावला. आता बोला. शिक्षा मी माझी मीच घेतली, आणि तिच्यावर पंखा लावून मिळाला.

— दुखणं कमी कधी होतं? तुम्ही पण तेच विचारता, हे डॉक्टरही हेच विचारतात. मी सांगितलं, कधीच नाही.

...झालं होतं कमी. आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही तर उजव्या पायाचे. मे महिन्यात दोघं दापोलीला गेली होती, आठवडाभर. मी हॉलमध्ये लाकडी खुर्चीत बसलो, पाय पसरून, बनियनवर, बशीत चहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की कळ आली नाही. कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन आलो, गिधाड कुठल्या कुठे. रात्री ऋचाचा फोन, बाबा, पाय कसा आहे? मी म्हटलं, आहे तसाच. मग काय सांगणार? तुम्ही घरात नसलात की बरा असतो, असं सासऱ्यानं सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं? दोघं परत आली, मशीन लागलं, मी आत गेलो, कळ हजर.

म्हणजे कारण मला ठाऊक आहे म्हणा ना. ठाऊक आहे. पण ते कागदावर आलं की त्यावर कुणाचं तरी नाव येतं. हा मुलगा रजा घेऊन मला डॉक्टर-डॉक्टर फिरवतोय, जिन्यात माझ्या काखेत हात घालतो, आणि मी त्याच्यासमोर डॉक्टरांना सांगू, की याच्या एका सॉरीनं माझी नस दबली? त्यापेक्षा मणका बरा. मणक्याला कुठे वाईट वाटतं. फक्त झालंय काय, की मी प्रत्येक वेळी 'फरक नाही, फरक नाही' म्हणत गेलो, आणि डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी नाही, व्यायामानं नाही, मग पाठ उघडून नस मोकळी करू. आज तारीख द्यायचीय. सलिलनं हो म्हटलंय. मी मान हलवली, ती कुठल्या दिशेनं ते मलाही नीट सांगता येणार नाही.

भीती? वाटते तर. पाठ माझीच आहे.

तुम्ही काय केलंत? म्हणजे सूनबाईला — खुशनुमा, हां — तिला सरळ सांगितलंत, बेटा, मला खाली बसवत नाही? आणि तिनं उंच टेबल आणवलं? एवढंच? नंतर काही बोलली? नाही? कसब्यात राहून एवढा आडपडदा न ठेवता बोलता तुम्ही, कमाल आहे. आमच्याकडे मीठ कमी पडलं तर आम्ही म्हणतो, आज समुद्र लांब गेलेला दिसतो.

हो हो, पण तोंडानं नाही जमायचं मला. लिहून — लिहून जमेल. हा घ्या मोबाइल काढला. चि. सलिल. विषय : — नाही? विषय नको? बरं, विषय नको. 'मला दिवसा हॉलमध्ये खुर्चीत बसू दे. तू त्या दिवशी सॉरी म्हणालास तेव्हापासून मी' — हे खोडतो. खोडतो, कासिमभाई, माझा अर्ज आहे. नुसतं एवढंच : 'मला दिवसा हॉलमध्ये बसायचं आहे. ड्राय बाल्कनीत पाय दुखतो. कॅमेऱ्यात दिसेन. चालेल का?' चालेल का ठेवावं? ठेवतो. अर्जदारानं विनंती करावी. हां... गेला. दोन खुणा आल्या, म्हणजे त्याच्या फोनपर्यंत पोचला. निळ्या झाल्या की वाचला.

डॉक्टर आले वाटतं, बघा, धावपळ सुरू झाली. गोपाळकृष्ण म्हणतायत? माझाच पुकारा. या पायाला आत्ताच मुंग्या यायच्या होत्या — नको, हात नको, तुम्ही बसा, तुमचा पाय सांभाळा. तो बघा, जिन्यातून आला सलिल. निळा शर्ट. कानाला फोन लावलाय, मीटिंग चालूच असणार. हातानं खुणावतोय, चला बाबा, चला. म्हणजे अजून पाहिलेलं नाही त्यानं.

चला, येतो. तुमचं टेबल बघायला येईन कधीतरी कसब्यात. अर्ज केलेला आहे. पोचलेला आहे. उत्तर आलेलं नाही.