डूख धरलेली वाटी

डूख धरणं म्हणजे काय, ते मला आमच्या हिनं शिकवलं. महाराष्ट्र झाला त्या वर्षी, मोताळ्यात, शेजारच्या गंगूबाईंनी आमची वाटी रिकामीच परत केली. दुसऱ्या दिवसापासून ही त्यांना रोज वाटीभर भाजी देऊ लागली.

"डूख धरला म्हणतेस आणि भाजी देतेस?"

"मंग! आता तिले रोज वाटी भरून वापस द्या लागते न!"

हे पुढं कित्येक वर्षं चाललं. मागच्या साली ही गेली. वाटी तेव्हा गंगूबाईंकडं होती. त्या पिठलं भरून घेऊन आल्या.

"घ्या, गुरुजी. रिकामी देली असती, तं तिनं वरतून डूख धरला असता."

डूख पुढं चालवणं मला भाग होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत मी चहा नेऊन दिला. मला तेवढाच करता येतो.